तळापर्यंत तापलेलं पाणी

धक्क्यावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. माणसं होड्यांत उभी होती, जाळ्यांच्या ढिगांवर उभी होती, दोघंचौघं तर लिलावाच्या शेडच्या पत्र्यावर चढून बसली होती. सगळ्यांचे डोळे एका दोरावर खिळले होते. दोराचं वरचं टोक गारबाबांच्या हातात होतं आणि खालचं समुद्रात.

"दर्या म्हणजे काय?" गारबाबा कर्ण्यातून ओरडले. "दर्या म्हणजे ताप आलेलं लेकरू! ताप आलेल्या लेकराला कुणी मारतं का? नाही! त्याच्या कपाळावर गार पट्टी ठेवतात. मी ती पट्टी आहे!"

पट्टी चांगली गलेलठ्ठ होती. निळा घोळदार झगा, खांद्यावर रुळणारे पांढरेशुभ्र केस, आणि आवाज असा की इंजिन चालू असलेल्या होडीतही ऐकू यावा. दोर वर येऊ लागला. झाकणाला भोकं असलेली तांब्याची घागर पाण्याबाहेर आली, तसा लोकांचा श्वास अडकला. बाबांनी घागर मांडीवर घेतली, डोळे मिटले आणि पाव तास पुटपुटले. मग झाकण काढून पाण्याचे शिंतोडे गर्दीवर उडवले.

"गार! बर्फासारखं गार!" पुढच्या रांगेतून आरोळी उठली, आणि हां हां म्हणता ती मागपर्यंत पोचली. म्हाताऱ्या रडू लागल्या. रेडिओ दोन दिवस ओरडत होता की मोठं वादळ किनाऱ्याकडे येतंय. पण परवाच्या वर्षी असंच वादळ येत होतं, बाबांनी घागर सोडली आणि ते वाटेतच मेलं. गेल्या वर्षीही तेच. आता तिसऱ्यांदा दर्याचा ताप उतरला होता. मग घरदार सोडून कोण कशाला जाईल?

गर्दीत मागे बर्फताई उभी होती. बंदरातल्या बर्फाच्या कारखान्यात ती एकोणीस वर्षं यंत्रावर होती. तिचं खरं नाव पगाराच्या कागदाखेरीज कुठे उरलं नव्हतं. शेजारी तिचा दादा होता, स्वतःच्या होडीवर मासे धरणारा. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"हात पुढे कर ग," दादा म्हणाला. "बाबा आलेत."

ताईने हात पुढे केला. पाणी तळहातावर पडलं आणि ती चमकली. पाणी खरंच गार होतं. तिने तळहात जिभेला लावला. पाणी खारट होतं, पण समुद्राइतकं नाही. वरणात मीठ कमी पडावं तसं.

"काय झालं?" दादाने विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. पण तिने तळहात पुन्हा जिभेला लावला.

त्याचं कारण असं. बर्फाच्या यंत्राला थंड राहायला समुद्राचं पाणी लागतं. ते ओढून घेणाऱ्या दोन नळ्या होत्या. एक धक्क्यालगत, वरवरचं पाणी घेणारी. दुसरी जुन्या मालकाने हौसेने टाकलेली, लांब जाऊन वीस पुरुष खोल उतरणारी. वरचं पाणी फार तापलं की यंत्र खालच्या नळीवर टाकायचं, कारण खाली पाणी कायम गार. ताई रोज सकाळी दोन्ही नळ्यांचं तापमान वहीत लिहायची. वर तीस अंश असलं तरी खाली एकवीस-बावीसच्या पुढे काटा कधी सरकला नव्हता. यंदा मात्र दोन आठवडे खालचा काटा चढत होता. आज सकाळी वर तीस होतं आणि खाली अठ्ठावीस. तिला आधी वाटलं काटा बिघडला. तिने दुसरा लावला. तोही अठ्ठावीस.

म्हणजे त्या समुद्रात वीस पुरुष खोलीपर्यंत गार पाणी औषधालाही नव्हतं. मग घागरीत ते आलं कुठून?

आणि मग तिला सकाळचं गिऱ्हाईक आठवलं. बाबांचा झोळीवाला शिष्य सहा वाजता आला होता. "भक्तांना प्यायला गार पाणी हवं," म्हणून बर्फाची अर्धी लादी किंतानात गुंडाळून घेऊन गेला होता. कारखान्याचा बर्फ गोड्या पाण्याचा. वितळला की खारं पाणी अळणी करणारच.

लबाडी कळली म्हणून ताईला आनंद व्हायला हवा होता. पण तिला लबाडीपेक्षा त्या अठ्ठावीस आकड्याची धास्ती वाटत होती. कारखान्यात परतल्यावर तिने हवामान खात्याला फोन लावला. तिथली अधिकारी वयाने लहान होती, पण बोलणं स्वच्छ.

"खालचं पाणी अठ्ठावीस? नक्की?" तिने दोनदा विचारलं. "बाहेर समुद्रात आमची तरंगती यंत्रं आहेत, तीही हेच सांगतायत. उबदार पाण्याचा एक मोठा भोवरा तुमच्या किनाऱ्याजवळ येऊन बसलाय. वादळ त्याच्यावरूनच येणार. ताई, आज ते साधं दिसतंय, पण त्या पाण्यावर आलं की एका दिवसात दुप्पट जोर धरेल. परवा दुपारपर्यंत किनाऱ्यावर असेल. खालच्या वस्तीतली माणसं हलली का?"

"कुणीच हललं नाही," ताई म्हणाली. "इथे गार पट्टी ठेवलीय आम्ही."

"काय ठेवलीय?"

"काही नाही. मी बघते."

संध्याकाळी ती दादाकडे गेली. दादाचं घर खालच्या वस्तीत, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. वहिनी भांडी घासत होती, दोन्ही पोरं ओट्यावर अभ्यासाचं नाटक करत होती. ताईने बर्फाची आणि खालच्या नळीची गोष्ट सांगितली. दादा ऐकत गेला आणि त्याचा चेहरा दगडासारखा होत गेला.

"परवाच्या वर्षी तू कुठे होतीस?" तो म्हणाला. "कारखान्यात. पंख्याखाली. मी होतो समुद्रात. लाटा डोळ्यांदेखत डोंगराएवढ्या झाल्या होत्या. पोरांची तोंडं आठवून मी हात-पाय गाळले होते. आणि मग वारा पडला. आपोआप? किनाऱ्यावर आलो तर कळलं, बाबांनी त्याच घटकेला घागर वर ओढली होती. मला कुणी वाचवलं मग, तुझ्या नळीने?"

ताई उठून न्हाणीत गेली. बादलीत आधी गार पाणी होतं. तिने वहिनीने तापवलेलं कढत पाणी त्यावर हलक्या हाताने ओतलं आणि बादली दादापुढे आणून ठेवली.

"वर बोट लाव."

"कढत आहे."

"आता हात घालून ढवळ."

दादाने नाइलाजाने ढवळलं. पाणी कोमट झालं.

"वादळ गरम पाण्याच्या वाफेवर जगतं, दादा. ती वाफ वर जाते, तिचं पाणी होतं, तेव्हा तिच्यातली ऊब मोकळी होते, आणि त्या उबेवर वारा फिरतो. तुझं इंजिन डिझेलवर चालतं ना, तसं. पण वारा फिरला की तो समुद्रही ढवळतो. परवाच्या वर्षी आणि गेल्या वर्षी वरचं तापलेलं पाणी म्हणजे नुसती साय होती. खाली सगळं गार. वादळाने स्वतःच ढवळलं, गार पाणी वर आलं, आणि त्याचं त्यालाच डिझेल मिळेना. माझी वही बघ. वादळ मेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी वरच्या नळीला पाणी चोवीसवर आलेलं."

"आणि यंदा?"

"यंदा बादली तळापर्यंत कढत आहे. कितीही ढवळलं तरी गरमच वर येणार."

वहिनीचे हात थांबले होते. ती म्हणाली, "अहो, पोरांना घेऊन वर शाळेत जाऊ या का?"

"बाबांवर विश्वास नाही म्हणून?" दादा तडकला. "सगळ्या वस्तीत तोंड दाखवायला जागा राहील का मला?"

ताईने मग वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांची दुसरी आणि शेवटची घागर सुटणार होती, आणि काय करायचं ते तिने ठरवलं होतं.

सकाळी सहाला झोळीवाला आला.

"आज बर्फ नाही," ताई म्हणाली.

"म्हणजे? यंत्र तर चालू दिसतंय."

"यंत्र चालू आहे. बर्फ नाही."

त्याने विनवण्या केल्या, बाबांच्या शापाची भीती घातली, शेवटी दोन शिव्या हासडून गेला. शहरात जाऊन बर्फ आणायला दोन तास लागले असते, आणि धक्क्यावर गर्दी तर जमलीही होती. ताईने बर्फाच्या खोलीला कुलूप लावलं आणि ती धक्क्यावर गेली. या खेपेला ती मागे उभी राहिली नाही.

घागर खाली गेली, वर आली. बाबा पुटपुटले, आणि आज जरा जास्तच पुटपुटले. शिंतोडे उडाले. पुढच्या रांगेने तोंडावर हात फिरवले. कुणी ओरडलं नाही. एक म्हातारी भाबडेपणाने म्हणाली, "कोमट आहे हो."

गारबाबांनी डोळे वटारले. "दर्या रुसला! इथे कुणाच्या तरी मनात शंका आहे! कुणी घेतली शंका?"

"मी घेतली," ताई म्हणाली. ती पुढे झाली. "शंका मी घेतली, आणि बर्फही मीच दिला नाही."

तिने झोळीवाल्याकडे बोट दाखवलं.

"काल सहा वाजता या झोळीवाल्याने माझ्याकडून अर्धी लादी नेली. घागर उलटी करा. आत काय आहे ते सगळ्यांना दिसू द्या."

झोळीवाला घागरीवर झेपावला, पण जाळंमामा जवळ होते. वस्तीतल्या सगळ्यांची जाळी विणणारे, सत्तरी ओलांडलेले. ताईला आणि दादाला पोहायला त्यांनीच शिकवलं होतं. त्यांनी घागर उचलून उलटी केली. पाणी सांडलं आणि तळाशी तारेने बांधलेली एक जाळीची पिशवी लोंबू लागली. रिकामी.

"यात ठेचलेला बर्फ भरायचा, घागर बुडवायची, पाव तास मंत्र म्हणायचे," ताई म्हणाली. "मंत्राला पाव तास लागत नाही, बर्फ वितळायला लागतो."

कुणीतरी फिस्सकन हसलं. दुसऱ्याने झोळीवाल्याची मान धरली. धक्क्यावर एकच गलका झाला. ताईने कर्णा उचलला आणि बादलीची गोष्ट सांगितली. साय, ढवळणं, डिझेल, सगळं. आपल्या एका नळीवर विसंबू नका, खोल समुद्रातली यंत्रंही तेच सांगतात, हेही सांगितलं. शेवटी म्हणाली, "बाबांनी आधीची वादळं थांबवली नव्हती. खालच्या गार पाण्याने थांबवली होती. ते गार पाणी यंदा नाही. पाया पडते, शाळेत चला."

दुपारपर्यंत खालच्या वस्तीतली निम्म्याहून जास्त घरं रिकामी झाली. वहिनी पोरांना आणि शिवणयंत्राला घेऊन वर आली. एकटी. दादा आला नव्हता.

"लाज वाटते म्हणतात," वहिनी म्हणाली. "दोन वर्षं घरोघर जाऊन यांनीच बाबांचा महिमा सांगितला. आता म्हणतात, बाबांनी बर्फ घातला असेल, पण तो लोकांच्या समाधानासाठी. शक्ती वेगळी."

बाबांची वाळूच्या पट्ट्यावर एक मोठी पत्र्याची शेड होती. साठेक माणसं तिथे बाबांपाशी जाऊन बसली होती. दादा त्यांच्यातच होता. आणि ज्यांनी स्वतःच्या हातांनी घागर उलटी केली होती ते जाळंमामाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी आभाळ शिसवासारखं काळं होतं. हवामान खात्यातल्या मुलीचा फोन आला. ती बोलताना धाप लागल्यासारखी वाटत होती. "वाढलं, ताई. सांगितलं होतं त्याहूनही जास्त वाढलं. बारानंतर कुणीही खाली नको."

शाळेच्या वर्गांत माणसं दाटीवाटीने बसली होती. ताई पाण्याचे पेले वाटत होती. कोपऱ्यातल्या बाकावर एक गलेलठ्ठ माणूस टकलावर पंचा गुंडाळून, मळक्या सदऱ्यात खाली मान घालून बसला होता. त्याने पेल्यासाठी हात पुढे केला. ताईने त्याच्याकडे पाहिलं आणि तिच्या हातातली किटली थांबली.

"केस कुठे गेले?"

त्याने इकडेतिकडे पाहिलं. "हळू बोला, बाई."

"साठ माणसं तुमच्या शेडमध्ये आहेत. त्यांना काय सांगून आलात?"

"ध्यानाला जातो म्हणून सांगितलं." मग तो एकदम केविलवाणा झाला. "दोनदा थांबलं होतं हो खरंच. दोन वर्षं बर्फ लागला नव्हता. दोर लांब सोडला की खालचं पाणी आपसूक गार यायचं. मी पहिल्यांदा गंमत म्हणून केलं. मग वादळ थांबलं. लोक रडले, पाया पडले. मला वाटायला लागलं, असेलही माझ्यात काही. यंदा दोर सोडला तर पाणी गरम. तेव्हाच मला भीती वाटली होती."

"तुम्हाला भीती वाटली, आणि तुम्ही बर्फ आणला!" ताई म्हणाली. ती क्वचित कुणाला अरे-तुरे करायची. "ऊठ. चल माझ्याबरोबर."

शाळेची मोटार होती. चालकाने हो-ना करत ती उताराच्या टोकापर्यंत नेली. पुढे वाळूतून चालत. वारा माणसाला आडवा करत होता. शेडमधून आरतीसारखा एकसुरी आवाज येत होता. ताईने दार ढकललं आणि त्या माणसाला आत लोटलं.

"ऐका! मी सांगतो ते ऐका!" तो ओरडला. "मी काही थांबवू शकत नाही. वर चला सगळे!"

लोकांनी त्याच्याकडे पाहिलं. टक्कल, मळका सदरा, भिजलेला पंचा.

"हा कोण?" एक बाई म्हणाली.

"मी बाबा! गारबाबा!"

"चल हट! आमचे बाबा असे नाहीत. ताईने कुणालातरी पढवून आणलंय."

तो केविलवाणा होऊन पुन्हापुन्हा सांगू लागला. आवाज तोच होता. काहींनी तो ओळखला, चेहरे पांढरे पडले, माणसं उठू लागली. तेवढ्यात जाळंमामा उठून उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर एक विलक्षण तेज होतं. "आवाज बाबांचाच आहे," ते म्हणाले. "अरे, ही परीक्षा आहे! बाबा आपला विश्वास तपासतायत. जो उठेल तो हरला."

उठलेल्यांतले काही पुन्हा खाली बसले.

ताईला आयुष्यात इतकं असहाय कधी वाटलं नव्हतं. तिच्याकडे आकडे होते, वही होती, खुद्द बाबाच पुढ्यात उभा होता, आणि त्याचाही उपयोग होत नव्हता.

दादा भिंतीला टेकून बसला होता. तो त्या टकल्या माणसाच्या तोंडाकडे एकटक बघत होता. मग सावकाश उठला आणि त्याच्यासमोर येऊन उभा राहिला.

"परवाच्या वर्षी मी समुद्रात होतो," दादा म्हणाला. "तेव्हा तुम्हाला माहीत होतं, मी कुठे आहे ते?"

"नाही," तो माणूस म्हणाला. "मला तुम्ही कोण तेही माहीत नाही."

दादाने मान हलवली. मग जवळच्या बाईच्या मांडीवरचं मूल उचललं, दुसरं काखेत घेतलं आणि ओरडला, "ज्यांना पोरं आहेत ते माझ्यामागून! मामा, तुम्हीही चला. मामा!"

मामा हसले. "जा बाळा. मी बाबांना हरू देणार नाही."

दादाने त्यांचा हात धरून ओढलं. म्हाताऱ्याने खांबाला मिठी मारली. वेळ नव्हता. एकोणपन्नास माणसं त्या शेडमधून बाहेर पडली. अकरा राहिली.

पाणी एक वाजता आलं. शाळेच्या खिडकीतून वाळूचा पट्टा दिसत होता, मग दिसेनासा झाला. शेड कधी गेली ते कुणालाच सांगता आलं नाही. वारा ओसरल्यावर खालच्या वस्तीत एकही घर उभं नव्हतं. अकरांपैकी दोघं खजुरीच्या झाडाला चिकटलेली जिवंत सापडली. मामा चौथ्या दिवशी सापडले. दादा नंतर एकदा ताईला म्हणाला, "मी घरोघर गेलो होतो ग. मामांकडे तर दोनदा गेलो होतो." ताई त्याच्याजवळ बसून राहिली.

गारबाबावर खटला उभा राहिला. त्याचं काय होईल ते होईल.

महिनाभराने नव्या तात्पुरत्या वस्तीतल्या पाच-सहा बाया कारखान्यात आल्या. त्यांनी ताईपुढे हात जोडले. एक तर चक्क वाकली.

"ताई, तुम्हाला दर्याच्या पोटातलं कळतं," ती म्हणाली. "तुमचा शब्द आम्हाला देवाचा. पुढचं वादळ कधी येणार ते तुम्हीच सांगत जा."

ताईने त्या बाईला दंड धरून उभं केलं.

"उद्या माझा काटा बिघडला तर? मी खोटं बोलले तर? मला मोह पडला तर?" ती म्हणाली. "मामांनी घागर स्वतः उलटी केली होती, पिशवी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती, आणि तरी दुसऱ्याच्या शब्दावर जीव दिला. आता माझ्या शब्दावर देणार का तुम्ही? वादळ कुणाच्या शब्दाने येत नाही आणि कुणाच्या शब्दाने थांबत नाही. ते पाण्याच्या उबेवर वाढतं, आणि पाण्याची ऊब मोजता येते. मी मोजते, तशी तुम्हालाही मोजता येईल. जो म्हणेल 'विचारू नका, विश्वास ठेवा', त्याच्यापासून लांब राहा. मग तो झग्यात असो नाहीतर कारखान्यात."

बाया एकमेकींकडे बघू लागल्या. मग त्यातली सगळ्यात धीट, जिने शेडमध्ये "चल हट" म्हटलं होतं, ती पुढे झाली.

"मला आकडे वाचता येत नाहीत, ताई."

"शून्यापासून सुरुवात करू," ताई म्हणाली, आणि तिने काट्यासमोरचं स्टूल तिच्याकडे सरकवलं.